कुत्र्याचा विमा काढावा का? बिलाचं कुठलं टोक कंपनी उचलते ते बघा

मागच्या लेखात मोबाईल आणि फ्रिजच्या एक्सटेंडेड वॉरंटीबद्दल लिहिलं होतं. दुकानदारानं कितीही गळ घातली तरी बहुतेकांनी ती घेऊ नये, असा त्या लेखाचा रोख होता. त्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: घरात कुत्रा आहे, त्याच्या विम्याचं काय? वर्षाला काही हजार भरायचे आणि कुत्रा ठणठणीत राहिला तर पैसे गेलेच ना? मग ही पण वॉरंटीच झाली की!

बऱ्याच अंशी झाली, हे खरं. वस्तू बदलली म्हणून विम्याचं गणित बदलत नाही. पण फ्रिज आणि कुत्रा यांच्यात एक फरक आहे. तो तुम्हाला मनातून माहीतच आहे. अर्थशास्त्रात त्यावर चांगलं काम झालंय, हे कदाचित माहीत नसेल. तो फरक नीट पकडला की पॉलिसीच्या कागदातल्या कुठल्या ओळीसाठी पैसे मोजायचे आणि कुठल्या ओळीकडे दुर्लक्ष करायचं, हे ठरवणं सोपं जातं.

आधी साधा हिशोब करू. आकडे समजण्यापुरते घेतोय, कुठल्या कंपनीचे नाहीत. समजा १०० कुत्र्यांचा विमा आहे आणि प्रत्येकाचा वर्षाचा हप्ता ५,००० रुपये. जमा झाले ५ लाख. वर्षभरात त्यातले ५ कुत्रे गंभीर आजारी पडले किंवा गाडीखाली सापडले, प्रत्येकाचं सरासरी बिल ६०,००० झालं. कंपनीनं दिले ३ लाख. उरलेले २ लाख एजंट, ऑफिस, दाव्यांची तपासणी आणि नफा यांत गेले. म्हणजे तुम्ही ५,००० देऊन सरासरी ३,००० ची वस्तू घेतली. विमा सरासरीनं तोट्याचाच सौदा असतो, आणि तसा नसेल तर कंपनी पुढच्या वर्षी दुकान बंद करेल.

म्हणून ‘पैसे वसूल होतात का?’ या प्रश्नाचं उत्तर कायम ‘नाही’ असंच येणार. पाच वर्षं हप्ते भरले आणि एक रुपया परत आला नाही, असं सांगणारा माणूस त्या ९५ जणांपैकी असतो ज्यांचा कुत्रा धडधाकट राहिला. त्याच्या बाबतीत वाईट काहीच झालेलं नाही.

मग कुणी विमा घ्यावाच का? कारण सगळे रुपये सारखे नसतात. पगारातून सवडीनं दिलेले ५,००० आणि रविवारी रात्री अकरा वाजता उभे करायचे दीड लाख, यांतल्या एकेका रुपयाचं ओझं वेगळं असतं. विमा चांगल्या वर्षातला हलका रुपया उचलून त्या वाईट रात्रीच्या जड रुपयाच्या जागी ठेवतो, आणि त्या हमालीचे पैसे घेतो. आमच्या विषयात याला अपेक्षित उपयोगितेचा सिद्धांत म्हणतात, पण नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

ॲरोचा आकार

इथून पुढचं मात्र लक्षात राहू द्या, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त कामाचं तेच आहे. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञानं १९६३ साली आरोग्यसेवेच्या अर्थशास्त्रावर एक निबंध लिहिला. आरोग्य अर्थशास्त्र हा विषयच तिथून सुरू झाला असं मानतात. त्यात त्यानं एक प्रश्न सोडवला: कंपनी तिचा खर्च आणि नफा हप्त्यात धरणारच असेल, तर ठरावीक हप्त्यात ग्राहकाला सगळ्यात फायद्याची पॉलिसी कशी दिसेल? उत्तर असं निघालं की एका ठरावीक रकमेपर्यंतचं नुकसान ग्राहकानं स्वतः सोसावं, आणि त्याच्या वरचं सगळं कंपनीनं उचलावं.

कारण उघड आहे. कंपनीच्या हातून जाणाऱ्या प्रत्येक रुपयावर तुम्ही हमाली देता. मग हलक्या रुपयांसाठी हमाल कशाला लावायचा? ते आपणच उचलू. जे एकट्याला उचलणार नाही तेवढंच हमालाला द्यायचं.

आता दोन पॉलिसी समोर ठेवा, दोन्हींचा हप्ता सारखा धरू. पहिली पॉलिसी पहिल्या रुपयापासून पैसे देते, पण वर्षाला ३०,००० पर्यंतच. दुसरीत पहिले २०,००० तुमचे, त्यावरचं सगळं, ३ लाखांपर्यंत, कंपनीचं. कुत्र्याला जुलाब झाले, सलाईन लावलं, बिल ८,००० आलं. पहिली पॉलिसी पूर्ण ८,००० देईल, दुसरी एक पैसाही देणार नाही. आता समजा मांडीचं हाड मोडलं, प्लेट टाकावी लागली, गुंतागुंत झाली, बिल १,८०,००० वर गेलं. पहिली ३०,००० देईल आणि तुमच्या गळ्यात दीड लाख उरतील. दुसरीत तुमचे फक्त २०,००० जातील.

बहुतेकांना पहिली आवडते. ती ‘कामाला येते’, दर वर्षी काही ना काही परत मिळतं. हा ओढा फक्त आपल्याकडचा नाही. जस्टिन सिडनॉर यानं २०१० साली अमेरिकेतल्या घरविम्याच्या ५०,००० पॉलिसी तपासल्या. वजावटीची रक्कम, म्हणजे नुकसानीतला स्वतः सोसायचा पहिला भाग, १,००० डॉलरवरून ५०० वर आणण्यासाठी लोक वर्षाला साधारण १०० डॉलर जास्तीचे देत होते. दावा करायची वेळ मात्र शंभरातल्या पाचांवरही येत नव्हती. म्हणजे २५ डॉलरहून कमी किमतीच्या गोष्टीला १०० डॉलर! लहान धक्का चुकवण्यासाठी माणूस भरपूर पैसे मोजतो, आणि मोठ्या धक्क्याचा विचार करायचं टाळतो.

कुत्र्याच्या पॉलिसीचा कागद हातात आला की आधी एवढंच बघा: ही पॉलिसी बिलाचं कुठलं टोक उचलते? वरच्या पानावर ‘एकूण विमा रक्कम’ मोठी दिसेल, पण आतल्या पानांवर उपमर्यादा असतात: शस्त्रक्रियेला इतके, रोज दवाखान्यात ठेवण्याचे इतके, तपासण्यांना इतके. खरी मर्यादा त्या आतल्या पानावरची. मोफत सल्ला, ग्रूमिंगवर सूट, वर्षातून एकदा तपासणी असल्या गोष्टी वाचायला छान वाटतात. त्या हलक्या रुपयांच्या आहेत, त्यांच्यासाठी हप्ता वाढत असेल तर नको म्हणा. आणि वजावट जास्त घेतली की हप्ता कमी होतो का, हे विचाराच. होत असेल तर तीच घ्या.

कुत्र्याची भरपाई कशी करणार?

आता फ्रिज आणि कुत्रा यांच्यातल्या फरकाकडे वळू. १९७७ साली फिलिप कुक आणि डॅनियल ग्रॅहम यांनी एक निबंध लिहिला, ज्यांची जागा दुसरं काहीच घेऊ शकत नाही अशा गोष्टींच्या विम्याबद्दल. घरातला जुना फोटो, आरोग्य, जवळचं माणूस. त्यांचा मुद्दा थोडा विचित्र वाटेल, पण नीट बघा. अशी गोष्ट गमावल्यावर हातात पैसे आले तर त्या पैशांनी काय साधेल? दुःख तेवढंच राहतं. पैशाची निकड त्या दुःखामुळे वाढली असेल तरच त्याचा विमा घेण्यात अर्थ. उलट, ती गोष्ट वाचवण्यासाठी मात्र माणूस तिच्या बाजारभावाच्या कितीतरी पट खर्च करायला तयार असतो, आणि त्यात वेडेपणा काही नाही.

हे कुत्र्याला लावून बघा. आपल्याकडच्या कुत्र्याच्या पॉलिसीत बऱ्याचदा मृत्यूची भरपाई असते. ही कल्पना पशुधन विम्यासारखीच आहे. शेतकऱ्याची गाय मेली तर दूध थांबतं, उत्पन्न थांबतं, नवी गाय घ्यायला पैसे लागतात. तिथे मृत्यूची भरपाई अगदी रास्त आहे. पण तुमच्या सोफ्यावर झोपणारा बंड्या गेला तर घरात कुठलं बिल येत नाही. त्याच्या ‘बाजारभावा’चा चेक कुणाच्या उपयोगाचा? आणि बंड्या सोसायटीच्या गेटवरून उचलून आणलेला गावठी असेल तर बाजारभाव तरी कुठून काढणार? कुत्र्यांची पैदास हा व्यवसाय नसेल, तर मृत्यूच्या भरपाईसाठी जास्तीचा हप्ता देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कुत्रा हरवला किंवा चोरीला गेला तर मिळणाऱ्या भरपाईचंही तेच. शोधण्यासाठी जाहिरात द्यायचा खर्च मिळत असेल तर तो भाग निदान वाचवण्याच्या बाजूचा आहे.

पैसे द्यायचे ते जिवंत कुत्र्याला वाचवण्याच्या खर्चासाठी. इथे नक्की काय पणाला लागतं, हे ऑस्ट्रेलियातल्या एका संशोधनात फार स्पष्ट दिसलं.

मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांना एक भयंकर आजार होतो: पोटात हवा भरते आणि जठर स्वतःभोवती पीळ खातं. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, जर्मन शेफर्ड, डॉबरमन या जाती त्यात पुढे. पोट नगाऱ्यासारखं फुगतं, कुत्रा ओकायचा प्रयत्न करतो पण बाहेर काही पडत नाही, लाळ गळते, जागेवर स्वस्थ बसत नाही. (असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच निघा.) शस्त्रक्रिया केली तर बहुतेक कुत्रे वाचतात, नाही केली तर काही तासांत मरण. मधला मार्ग नाही, आणि शस्त्रक्रिया महाग आहे.

संशोधकांना नेमकं हेच हवं होतं. एरवी कुत्र्याला दयामरण दिलं गेलं तर ते आजार बरा होण्यासारखा नव्हता म्हणून, की पैसे नव्हते म्हणून, हे वेगळं काढता येत नाही. या आजारात उपाय आहे आणि तो चालतो. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या आधीच दिलेलं दयामरण बहुतांशी पैशांमुळे असणार, असं धरता येतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २६० कुत्रे होते. ज्यांचा विमा होता त्यांच्यापैकी सुमारे १० टक्के कुत्र्यांना शस्त्रक्रियेआधीच दयामरण दिलं गेलं. विमा नसलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ३७ टक्के होतं.

हे आकडे वाचून लगेच विमा काढायला धावू नका. विमा घेणारे आणि न घेणारे लोक मुळातच वेगळे असू शकतात. जो आधीपासून विमा काढतो तो कदाचित कुत्र्यात जास्त गुंतलेला असेल, किंवा त्याच्याकडे पैसाही जास्त असेल; त्यानं विम्याशिवायही शस्त्रक्रिया केली असती. या दोन गटांतला सगळा फरक विम्यानं पाडला असं म्हणता येत नाही. पण तो सगळा स्वभावाचाच आहे असं मानणंही मला अवघड जातं. उपचार चालतो हे डॉक्टर सांगत असताना जे लोक ‘नको’ म्हणाले, त्यांतल्या काहींना तरी ‘हो’ म्हणायचं असणार.

आपल्याकडे दयामरण तितक्या सहज दिलं जात नाही. तोच निर्णय दुसऱ्या रूपात होतो: ‘दोन दिवस बघू’, ‘गोळ्यांवर निभावतंय का पाहू’, आणि मग उशीर. टेबलावर कुत्रा, समोर डॉक्टर, हातात खर्चाचा अंदाज, आणि घरातले एकमेकांकडे बघतायत. विम्याचं खरं मूल्य त्या पाच मिनिटांत आहे. म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न असा: त्या वेळी आमचं उत्तर पैशानं ठरेल का?

खर्चच नव्हता तेव्हा विमाही नव्हता

‘आमच्या वाड्यात चार कुत्री होती, कुणी विमा काढला होता?’ असं एखादे आजोबा म्हणतील, आणि त्यांचं बरोबरच आहे. तेव्हा कुत्र्याचा पाय मोडला तर तो लंगडत जगायचा, मूत्रपिंडं गेली तर जायचा. उपचारच नव्हते, त्यामुळे बिलही नव्हतं. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८० च्या दशकापासून आहे. जुने मुंबईकर त्याला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात. ओझी वाहणारे बैल आणि टांग्याचे घोडे हे तेव्हाचे रुग्ण, त्यावरून पडलेलं नाव. आज महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ पासून सुरू आहे, तिथे कुत्र्यामांजरांसाठी आधुनिक तपासण्या आणि शस्त्रक्रिया होतात. वैद्यक पुढे गेलं की आधी ज्याला नशीब म्हणायचो त्याला आता खर्चाचा आकडा लागतो. विमा त्या आकड्याच्या मागोमाग येतो, माणसांचंही असंच झालं.

यातून एक व्यावहारिक गोष्टही निघते. धर्मादाय रुग्णालय किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना घराजवळ असेल आणि तिथे जायची तुमची तयारी असेल, तर तुमचं सगळ्यात वाईट बिल आपोआपच लहान होतं. तुमच्याकडे एक न लिहिलेला विमा आधीच आहे. मोठ्या शहराच्या खाजगी दवाखान्यातच जाणार असाल तर नाही.

पैसे बाजूला टाकले तर?

आता नेहमीचा सल्ला: हप्त्याएवढे पैसे दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका, कुत्रा आजारी पडला तर वापरा, नाही पडला तर तुमचेच. ऐकायला बिनतोड वाटतो. पण हिशोब करून बघा. महिन्याला ५०० म्हणजे वर्षाला ६,०००. दीड लाख जमायला २५ वर्षं लागतील, व्याज धरून थोडी कमी. इतका कुत्रा जगत नाही. आणि पिल्लू आठ महिन्यांचं असताना, शेपटीमागे धावताना गच्चीवरून पडतं, तेव्हा त्या खात्यात ४,००० असतात.

म्हणजे हा सल्ला चुकीचा आहे का? लहान बिलांसाठी अगदी बरोबर आहे. जुलाब, कानाचं दुखणं, त्वचेचे चट्टे, वर्षाच्या लसी हे सगळं त्या खात्यातून जावं. मोठ्या बिलासाठी तो फक्त अशांना लागू पडतो ज्यांच्याकडे दोन-अडीच लाख आधीच मोकळे पडलेत. त्यांना मग खरोखर विमा नको. त्यांच्यासाठी रात्री अकराचा रुपयाही हलकाच आहे.

पैसे बाजूला टाकण्यापेक्षा कितीतरी स्वस्त असा एक मार्ग आहे, ज्याकडे विम्याच्या चर्चेत कुणी बघत नाही. १९७२ साली आयझॅक एर्लिक आणि गॅरी बेकर यांनी दाखवलं की जोखमीशी वागायचे मार्ग तीन: बाजारातून विमा घेणं, नुकसान झालं तर त्याचा आकार लहान राहील अशी सोय करणं, आणि नुकसान होण्याची शक्यताच कमी करणं. ग्राहकानं हे तिन्ही एकत्र तोलायचे असतात. कुत्र्याच्या बाबतीत तिसरा मार्ग इतका स्वस्त आहे की त्याला तोड नाही.

याचं उत्तम उदाहरण स्वीडनमधलं. तिथे कुत्र्यांचा विमा काढायची पद्धत जुनी आणि खूप पसरलेली आहे, त्यामुळे ॲग्रिया या कंपनीच्या नोंदींतून लाखो कुत्र्यांच्या आजारांचा इतिहास मिळतो. पशुवैद्यकातलं कितीतरी संशोधन या नोंदींवर उभं आहे. तिथे कुत्रीची नसबंदी सरसकट करत नाहीत, म्हणून एक गोष्ट स्वच्छ मोजता आली: गर्भाशयात पू होण्याचा आजार. २००१ च्या अभ्यासात दिसलं की दहा वर्षांची होईपर्यंत जवळजवळ चौथ्या भागाएवढ्या कुत्र्यांना तो होऊन गेलेला असतो. जातीनुसार फरक मोठा: रॉटवायलर, गोल्डन रिट्रीव्हर, कॉली यांच्यात जास्त, जर्मन शेफर्ड आणि डॅशहुंडमध्ये कमी. चारातल्या एकीला होणारा, वेळेत शस्त्रक्रिया न केल्यास जीवघेणा ठरणारा आजार, आणि वेळेवर नसबंदी केली तर तो जवळजवळ होतच नाही. घरी मादी असेल आणि पिल्लं नको असतील, तर विम्याच्या आधी हा विषय डॉक्टरांशी बोला. कोणत्या वयात करायची हे जात आणि वजन बघून तेच सांगतील.

दुसरी गोष्ट गोचीड. गोचिडांतून येणारे ताप आपल्या हवेत फार, पावसाळ्यात तर विचारूच नका. वेळेवर कळला तर गोळ्यांवर निभावतं, उशीर झाला तर रक्त चढवायची वेळ येते. महिन्याचा गोचीडनाशक थेंब किंवा गोळी, आणि पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो, रेबीज यांच्या लसी. गंमत म्हणजे, लसीनं टळणारा आजार लस न देता झाला तर विमा कंपन्या सहसा पैसे देत नाहीत. त्यामुळे लसीकरणाचं पुस्तक हाच पॉलिसीचा पहिला कागद समजा. बिलंही पक्की हवीत. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे लिहिलेला आकडा दाव्यात चालत नाही. आपले नेहमीचे डॉक्टर छापील बिल देतात का, हे आधीच विचारून ठेवा, नंतर त्यांनाही अवघड जातं.

एक वर्षाचा करार

पॉलिसीतली एक अडचण मात्र टाळता येत नाही, ती माहीत तरी असावी. आपला करार साधारण एका वर्षाचा असतो. यंदा कुत्र्याला मधुमेह निघाला, कंपनीनं यंदाचे पैसे दिले. पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी काय? तो आजार आता ‘आधीपासून असलेला’ ठरतो का? हप्ता वाढतो का? ठरावीक वयानंतर पॉलिसी बंदच होते का? म्हातारपणचे आजार म्हातारपणीच येतात, आणि पुष्कळ पॉलिसी नेमक्या तेव्हा दार लावतात. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांना ‘लाइफटाइम’ पॉलिसी आणि ठरावीक मुदतीच्या पॉलिसी असे वेगळे प्रकार दिसतील. महाग पडते ती पहिली, आणि ती का महाग आहे ते आता कळलं असेल. भारतात विकत घेताना एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा: यंदा दावा केला तर पुढच्या वर्षी तो आजार आणि माझा हप्ता यांचं काय होईल?

कंपनी मायक्रोचिप मागते, चहूबाजूंनी फोटो मागते, पहिले काही दिवस आजाराचा दावा घेत नाही, यावर रागावू नका. आजारी कुत्र्यांचेच मालक विमा घ्यायला लागले तर हप्ता सगळ्यांचाच वाढतो आणि शेवटी बाजारच बसतो. जॉर्ज अकरलॉफनं १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल दाखवलेली गोष्ट ती हीच.

आणखी एक ओळ कागदात शोधा, ती बहुतेक जण वाचतच नाहीत: तुमच्या कुत्र्यानं दुसऱ्या कुणाला इजा केली तर द्यावी लागणारी भरपाई. कुत्रा एकदम जिन्यात धावला आणि कुरिअरवाला मुलगा घाबरून पायऱ्यांवरून पडला, मनगट मोडलं. ही क्वचित घडणारी, पण घडली तर मोठी पडणारी गोष्ट, म्हणजे बरोबर ॲरोच्या आकाराची. अशी सोय जोडून मिळत असेल आणि तिचा हप्ता थोडा असेल तर घ्यावी असं मला वाटतं, ज्यांच्याकडे मोकळे पैसे आहेत त्यांनीसुद्धा. फक्त हे लक्षात असू द्या की प्राणी निष्काळजीपणे बाळगणं हा गुन्हा आहे (आताच्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९१: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही), आणि गुन्ह्याचा दंड विमा भरत नाही. पट्टा तुम्हालाच धरावा लागेल.

मग तुम्ही काय करायचं? कर्ज काढावं लागलं तरी शस्त्रक्रिया करूच असं घरात ठाम असेल, पण तेवढे पैसे मोकळे नसतील, तर मोठं टोक उचलणारी पॉलिसी घ्या, आणि पिल्लू लहान असतानाच, कुठलाही आजार नोंदला जायच्या आधी. कुत्रा मोठ्या जातीचा असेल तर आणखी थोडं आग्रहानं सांगेन. हातात लहान टोक उचलणारीच पॉलिसी येत असेल, तर ती सोडा आणि तेवढे पैसे गोचीड, लसी आणि नसबंदीवर घाला.

आणि एक तिसरं घर असतं, ज्याबद्दल उघड बोलत नाहीत. मुलांच्या फिया, आईचं ऑपरेशन, घराचा हप्ता. कुत्र्यावर लाखभर खर्च होणार नाही हे सगळ्यांना आतून माहीत आहे. अशा घराला विमा विकू नये. ज्या शस्त्रक्रियेच्या दारापर्यंत आपण जाणारच नाही, तिच्या अर्ध्या बिलाचा विमा घेऊन काय करणार? पण विम्यानं सगळंच बिल सुटत असेल तर त्याच घराचं उत्तर बदलू शकतं. म्हणून हे बोलणं कुत्रा आजारी पडायच्या आधी, एखाद्या निवांत रविवारी, सगळ्यांनी बसून करावं. किती रकमेपर्यंत आपण ‘हो’ म्हणू, तो आकडा ठरवा. पॉलिसीच्या मर्यादा त्या आकड्याशेजारी ठेवून वाचल्या की बरंच काही आपोआप कळतं.

कुत्रा आत्ताच नऊ-दहा वर्षांचा असेल तर बहुतेक कंपन्या त्याला नव्यानं घेणारच नाहीत. त्याच्यासाठी वर्षातून दोनदा रक्त-लघवी तपासून घ्या, वजन आटोक्यात ठेवा, दात बघत जा, आणि रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना कुठला ते आजच फोनमध्ये लिहून ठेवा.